घरातल्या छोट्या टाकीत प्रवाळ जगवायचं तर काय काय लागतं?

निळ्या उजेडातली टाकी, हिरवी-जांभळी झळाळणारी फुलासारखी काहीतरी, पाण्याबरोबर संथ डुलणारी. असं रील स्क्रोल करताना एकदा तरी प्रत्येकाच्या समोर आलेलं असतं. खाली कमेंटमध्ये हमखास प्रश्न असतो, ‘हे झाड कुठे मिळेल?’

ते झाड नसतं. तो प्राणी असतो, जिवंत, तोंड आणि पोट असलेला. आणि तो कुठे मिळेल याच्याआधी तो बाळगायची परवानगी आहे का, असा प्रश्न भारतात विचारावा लागतो. दोन्ही गोष्टी नीट समजून घेतल्या तर बरेचसे पैसे वाचतात, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे काही जीव वाचतात.

प्रवाळ म्हणजे नेमकं काय?

मराठी माणसाला ‘पोवळं’ माहीत असतं ते अंगठीतलं. मंगळासाठी घालतात ते लाल पोवळं म्हणजे भूमध्य समुद्रात मिळणाऱ्या एका प्रवाळाचा सांगाडा. टाकीत पाळतात ती प्रवाळं त्याची लांबची भावंडं. जेलीफिश आणि समुद्रफूल हेही याच गोतावळ्यातले.

प्रवाळाचा एक जीव म्हणजे एक पॉलिप. छोटीशी नळी, वर तोंड, तोंडाभोवती डंख मारणारे तंतू. असे शेकडो पॉलिप एकमेकांना चिकटून राहतात तेव्हा आपल्याला एक ‘कोरल’ दिसतं. टणक प्रवाळं समुद्राच्या पाण्यातलं कॅल्शियम आणि कार्बोनेट घेऊन स्वतःखाली चुनखडीचा सांगाडा बांधत जातात. मऊ प्रवाळांना असा दगडी सांगाडा नसतो.

पण खरी गंमत कातडीच्या आत आहे. उथळ पाण्यातल्या बहुतेक प्रवाळांच्या पेशींमध्ये झूझँथेली नावाची सूक्ष्म शैवालं राहतात. ती उजेडात अन्न तयार करतात आणि त्यातला मोठा वाटा घरमालकाला देतात. प्रवाळाचा तपकिरी-हिरवट रंग बराचसा या भाडेकरूंचा असतो. पाणी जास्त तापलं किंवा उजेड अचानक वाढला, की ही भागीदारी मोडते, शैवालं बाहेर पडतात आणि प्रवाळ पांढरं पडतं. समुद्रात याला ब्लीचिंग म्हणतात. टाकीतही तेच होतं, फक्त तिथे कारण हवामान बदलाचं नसून बहुतेक वेळा मे महिन्याचं असतं.

भारतात प्रवाळ घरी ठेवता येतं का?

हा भाग बहुतेक व्हिडिओंमध्ये वगळलेला असतो, कारण ते व्हिडिओ अमेरिकेत किंवा युरोपात केलेले असतात.

वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे वाघ ज्या यादीत आहे त्याच यादीत, २००१ पासून प्रवाळांचीही नावं आहेत. खडक बांधणारी सगळी टणक प्रवाळं, काळी प्रवाळं, ऑर्गन पाइप कोरल, फायर कोरल आणि समुद्रपंखे हे सगळे त्यात येतात. आपल्या समुद्रातून ती काढणं, विकणं, विकत घेणं, घरात ठेवणं हा गुन्हा आहे. पहिल्या अनुसूचीतल्या प्राण्याबाबतच्या गुन्ह्याला कमीत कमी तीन आणि जास्तीत जास्त सात वर्षं कैद आणि शिवाय दंड होऊ शकतो.

मेलेलं प्रवाळही यातून सुटत नाही. किनाऱ्यावर सापडलेला पांढरा फांद्यांचा तुकडा शोकेसमध्ये ठेवणं, किंवा ‘लाइव्ह रॉक’ म्हणून विकला जाणारा, खरं तर प्रवाळ खडकातून फोडून आणलेला दगड टाकीत टाकणं, दोन्ही त्याच कायद्याच्या कक्षेत येतात.

दुसरा धागा आंतरराष्ट्रीय आहे. सगळी टणक प्रवाळं ‘साइट्स’ या वन्यजीव व्यापाराच्या कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहेत, त्यामुळे एका देशातून दुसऱ्या देशात ती नेताना कागद लागतात. २०२२ च्या दुरुस्तीने या कराराच्या यादीतले प्राणी भारतीय कायद्यात वेगळ्या अनुसूचीत आणले, आणि असे जिवंत प्राणी बाळगणाऱ्यांनी ‘परिवेश’ पोर्टलवर नोंदणी करायचे नियम २०२४ मध्ये निघाले.

मश्रूम कोरल, झोअँथिड यांच्यासारख्या काही मऊ प्रकारांची नावं पहिल्या अनुसूचीत नाहीत. पण नाव यादीत नाही म्हणजे रान मोकळं, असा अर्थ निघत नाही. परदेशातून जिवंत प्राणी आणायला आयातीचे परवाने लागतातच. त्यामुळे विकणारा ‘सगळं लीगल आहे’ म्हणत असला तरी बिल, आयातीचे कागद आणि प्राण्याचं शास्त्रीय नाव लेखी मागावं, आणि शंका असेल तर आधी वनविभागाकडे विचारावं. जो दुकानदार शास्त्रीय नाव लिहून द्यायला टाळाटाळ करतो, त्याच्याकडून काहीही घेऊ नये.

महाराष्ट्राचा यात थेट संबंध आहे. मालवणच्या समुद्रात सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास प्रवाळं आहेत आणि तिथे १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. विजयदुर्गपासून साधारण शंभर किलोमीटर आत, कान्होजी आंग्र्यांच्या नावाने ओळखला जाणारा आंग्रिया बँक हा पाण्याखालचा पठारासारखा भागही प्रवाळांसाठीच प्रसिद्ध आहे. मालवणला स्नॉर्कलिंग करताना ‘एवढासा’ तुकडा खिशात टाकणारा पर्यटक नेमका या यादीतला प्राणी उचलत असतो.

दुबई, सिंगापूर, लंडन किंवा न्यू जर्सीतल्या मराठी घरांत चित्र वेगळं आहे. तिथे टाकीतच वाढवलेल्या प्रवाळांचे छोटे तुकडे, ज्यांना ‘फ्रॅग’ म्हणतात, दुकानात उघडपणे मिळतात. फक्त ते सामानातून भारतात आणायचा विचार करू नये. पुढची सगळी माहिती कायदेशीर मार्गाने मिळालेल्या प्रवाळांसाठी आहे, मग ती टाकी जर्सी सिटीत असो वा पुण्यात.

छोटी टाकी म्हणजे सोपं काम?

बहुतेकांना वाटतं, पहिली टाकी छोटी घ्यावी, चुकलं तरी नुकसान कमी. समुद्री टाकीच्या बाबतीत हे उलटं आहे. पाणी जितकं कमी, तितकी प्रत्येक चूक जास्त घट्ट होते.

एक हिशोब करून बघू. टाकीत ४० लिटर पाणी आहे, खारटपणा समुद्राइतका, म्हणजे एक किलो पाण्यात ३५ ग्रॅम क्षार. उन्हाळ्यात पंख्याखाली रोज एक लिटर पाणी उडून जातं. उडतं ते फक्त पाणी, मीठ तिथेच राहतं. दोन दिवसांत खारटपणा ३५ वरून जवळजवळ ३७ वर जातो, चार दिवसांत ३९ च्या आसपास. चारशे लिटरच्या टाकीतून चार लिटर उडाले असते तर आकडा ३५.४ च्या पुढे गेला नसता. प्रवाळांना थोडा कमी किंवा थोडा जास्त खारटपणा सोसतो, पण रोजची वरखाली सोसत नाही.

म्हणून छोट्या टाकीचा पहिला नियम: उडालेल्या पाण्याच्या जागी गोडं शुद्ध पाणी घालायचं, खारं नाही. काचेवर पाण्याच्या पातळीला एक खूण करून ठेवावी आणि रोज सकाळी त्या खुणेपर्यंत भरावं. जमत असेल तर पातळी ओळखून आपोआप पाणी सोडणारं छोटं यंत्र बसवावं. अनुभवी लोकांना विचारलं तर झगमगीत दिव्याआधी पैसे या यंत्रावर खर्च करा असंच ते सांगतील.

खारटपणा मोजायला रिफ्रॅक्टोमीटर वापरावं. काट्याचं स्वस्त प्लॅस्टिकचं हायड्रोमीटर काट्यावर बुडबुडा बसला तरी चुकीचं दाखवतं. मोजमाप ३५ पीपीटी, किंवा विशिष्ट गुरुत्व १.०२५ ते १.०२६ यादरम्यान असावं.

पाणी कुठलं, मीठ कुठलं?

नळाचं पाणी थेट चालत नाही. त्यात क्लोरीन असतं, आणि फॉस्फेट, सिलिकेट, कधी जुन्या पाइपातलं तांबंही. माणसाला न जाणवणारं तांबं प्रवाळाला मारू शकतं.

मग घरात आरओ आहेच की! इथे भारतीय घरांपुरती एक खाच आहे. आपल्याकडच्या बऱ्याच आरओ मशिनमध्ये पाण्याला चव यावी म्हणून ‘टीडीएस कंट्रोलर’ किंवा मिनरलचं कार्ट्रिज असतं. म्हणजे मशिन पाणी गाळतं आणि मग थोडे क्षार त्यात परत येतात. पिण्यासाठी ते ठीक, टाकीसाठी नाही. टाकीला शून्य टीडीएसचं पाणी हवं. त्यासाठी आरओच्या पुढे डीआयनायझेशनचा म्हणजे डीआय रेझिनचा टप्पा लागतो. टीडीएस मोजायचं पेनासारखं मीटर स्वस्तात मिळतं, ते असू द्यावं. बिसलरीसारखं बाटलीबंद पाणी हा पर्याय नाही, त्यातही क्षार असतात.

आता मीठ. ‘समुद्राचं पाणी म्हणजे मिठाचं पाणी’ हे शाळेत शिकतो, पण स्वयंपाकघरातल्या मिठाने समुद्र तयार होत नाही. मिठागरात काय होतं ते आठवलं की कारण कळतं. खाडीचं पाणी उन्हात आटत जातं, आधी चुनखडी आणि जिप्सम खाली बसतं, मग खडे मीठ धरतं. मॅग्नेशियम मात्र उरलेल्या कडवट पाण्यात राहून जातं, आणि ते पाणी मीठ करणारा सोडून देतो. म्हणजे पोत्यात येतं ते जवळजवळ नुसतं सोडियम क्लोराइड. प्रवाळाला हवं असलेलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम मागेच राहिलं. म्हणून टाकीसाठी तयार ‘रीफ सॉल्ट’ लागतं. दर लिटरला साधारण ३५ ते ३८ ग्रॅम, नेमका आकडा पाकिटावर बघून. हे पाणी बादलीत पंप लावून ढवळावं, चोवीस तास मुरू द्यावं, तापमान टाकीइतकं झालं की मगच वापरावं.

जुहू किंवा अलिबागहून कॅन भरून आणावं का? नको. किनाऱ्याजवळचं पाणी गढूळ असतं, त्यात सांडपाणी मिसळलेलं असतं, आणि पावसाळ्यात नद्या-खाड्यांमुळे त्याचा खारटपणाही उतरलेला असतो.

टाकी तयार व्हायला किती दिवस?

चार ते सहा आठवडे, कधी जास्त. या काळात टाकी रिकामी दिसते आणि मालकाचा धीर सुटतो. बहुतेक प्रवाळं मरतात ती या घाईमुळे.

कारण साधं आहे. उरलेलं अन्न आणि प्राण्यांची घाण कुजली की अमोनिया तयार होतो, जो विषारी असतो. दगडांवर आणि वाळूत राहणारे एका गटाचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे नायट्राइटचं नायट्रेट करतात, जे बरंच कमी घातक असतं. हे जिवाणू विरजणासारखे असतात. थोडे टाकले तर हळूहळू सगळीकडे पसरतात, पण दूध ओतल्या-ओतल्या दही होत नाही. सच्छिद्र कृत्रिम किंवा सिरॅमिक दगड, थोडी वाळू, बाटलीतलं जिवाणूंचं विरजण आणि त्यांना खाद्य म्हणून किंचित अमोनिया, एवढ्यावर सुरुवात होते. चाचणीत अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य येऊ लागले की पहिला टप्पा संपला.

त्यानंतर काच आणि वाळू तपकिरी होते, मग हिरवी. टाकी बिघडली म्हणून लोक घाबरतात, औषधं ओततात. ही नव्या टाकीची नेहमीची पायरी आहे. दोन-चार शंखगोगलगायी सोडाव्यात आणि थांबावं.

पहिलं प्रवाळ कुठलं?

मऊ प्रवाळांपासून सुरुवात करणं शहाणपणाचं. मश्रूम कोरल, लेदर कोरल, ग्रीन स्टार पॉलिप. पाण्यात थोडं नायट्रेट असलं तरी यांना चालतं, उलट अगदी नितळ पाण्यात ती कोमेजतात. ग्रीन स्टार पॉलिप आणि झेनिया मात्र मुख्य दगडावर लावू नयेत. गाजरगवतासारखी पसरतात आणि बाकीच्यांना गुदमरवतात. वाळूत सुटा दगड ठेवून त्यावर लावली तर आटोक्यात राहतात.

मोठ्या पॉलिपची टणक प्रवाळं, म्हणजे हॅमर, टॉर्च, फ्रॉगस्पॉन, ही पुढची इयत्ता. दिसायला सगळ्यात देखणी, स्वभावाने भांडखोर. रात्री ती डंखाचे लांब तंतू बाहेर सोडतात आणि शेजाऱ्याला जाळतात. दोन प्रवाळांत किमान एक वीत अंतर ठेवावं, आज ती कितीही लहान असली तरी. सर्वांत अवघड अ‍ॅक्रोपोरासारखी बारीक पॉलिपची फांद्यांची प्रवाळं. छोट्या टाकीत पहिल्या वर्षी ती आणूच नयेत.

मासा? चाळीस लिटरमध्ये एखादी छोटी गोबी पुरे. प्रत्येक मासा म्हणजे जास्त खाद्य आणि जास्त घाण.

उजेड निळसर एलईडीचा, दिवसाला आठ ते दहा तास, टायमरवर. नवं प्रवाळ आधी तळाशी ठेवावं आणि दोन-तीन आठवड्यांत वर सरकवावं. पाणी सतत हलतं हवं, पण एकाच दिशेने फवारा नको. प्रवाळाचं मांस एका बाजूला दाबलं गेलेलं दिसलं तर वेव्हमेकरचं तोंड फिरवावं. उजेड आणि प्रवाह यावर इंटरनेटवर हजारो तास वाद चालतात. नवख्याने त्यात पडण्याची गरज नाही.

चुन्याची निवळी

टणक प्रवाळ वाढतं म्हणजे ते पाण्यातून चुनखडी काढून घेतं. म्हणून पाण्यात कॅल्शियम साधारण ४०० ते ४५० मिलिग्रॅम प्रति लिटर, मॅग्नेशियम १२५० ते १३५० आणि अल्कलिनिटी ८ ते ९ डीकेएच ठेवावी लागते. अल्कलिनिटी म्हणजे ढोबळपणे पाण्यातला बायकार्बोनेट-कार्बोनेटचा साठा.

या तिघांत रोज लक्ष ठेवायचं ते अल्कलिनिटीवर. प्रवाळ चुनखडी बांधताना अल्कलिनिटी १ डीकेएचने उतरते तेव्हा कॅल्शियम फक्त ७ मिलिग्रॅमने उतरतं. ४२० चं ४१३ झालं हे घरगुती चाचणी किटला कळतही नाही. ८ चं ७ झालेलं मात्र लगेच दिसतं. म्हणजे अल्कलिनिटी हा टाकीच्या भुकेचा काटा आहे.

ती वाढवायचा एक मार्ग स्वयंपाकघरातच आहे, शुद्ध खायचा सोडा. बेकिंग पावडर नव्हे, त्यात इतर गोष्टी असतात. चाळीस लिटर पाण्यात १ डीकेएच वाढवायला साधारण १.२ ग्रॅम सोडा पुरतो. अंदाजे एक चमचा टाकला तर चार-पाच ग्रॅम जातात आणि आकडा एका झटक्यात चारने उडी मारतो. प्रवाळांची टोकं जळायला तेवढं पुरतं. सोन्याच्या वजनासाठी वापरतात तसा छोटा डिजिटल काटा घ्यावा, सोडा शुद्ध पाण्यात विरघळवावा, आणि दिवसाला १ डीकेएचपेक्षा जास्त बदल करू नये.

दुसरा मार्ग जुना आहे. युरोपातल्या हौशी लोकांनी रूढ केलेल्या या पद्धतीचं जर्मन नाव ‘काल्कवासर’. मराठीत तिला शाळेपासून नाव आहे, चुन्याची निवळी. नळीने फुंकर मारली की दुधाळ होणारं तेच पाणी. कॅल्शियम हायड्रॉक्साइड शुद्ध पाण्यात ढवळायचं, साका खाली बसू द्यायचा आणि वरचं नितळ पाणी उडालेल्या पाण्याच्या जागी थेंबथेंब सोडायचं. यातून कॅल्शियम आणि अल्कलिनिटी दोन्ही योग्य प्रमाणात मिळतात. निवळीचा पीएच १२ च्या वर असतो, त्यामुळे ती भसकन ओतली तर टाकीतलं सगळं मरू शकतं, आणि डोळ्यात उडाली तर माणसालाही इजा होते. भांडं झाकून ठेवावं, नाहीतर हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमुळे शाळेतला प्रयोग तिथेच सुरू होतो. पानाचा चुना वापरू नये. त्यात आणखी काय आहे हे डबीवर लिहिलेलं नसतं.

टाकीत फक्त मऊ प्रवाळं असतील तर यातलं काहीच लागत नाही. आठवड्याला दहा टक्के पाणी बदललं की झालं.

उन्हाळा आणि वीज

प्रवाळांना २४ ते २६ अंश सेल्सिअस मानवतं. परदेशी पुस्तकं हीटर कुठला घ्यावा यावर पानं खर्च करतात, आपल्याकडे प्रश्न पाणी थंड कसं ठेवायचं हा आहे. टाकीच्या पृष्ठभागावर वारा मारणारा छोटा पंखा दोन-तीन अंश उतरवू शकतो. कूलरचं जे तत्त्व तेच याचं. म्हणूनच नागपूर-जळगावच्या कोरड्या उन्हात तो झकास चालतो आणि मुंबई-रत्नागिरीच्या दमट हवेत ढेपाळतो. शिवाय पंखा जितका चांगला चालेल तितकं पाणी जास्त उडेल, म्हणजे वर केलेला खारटपणाचा हिशोब पुन्हा समोर. कोकणपट्टीत चिलर किंवा सतत एसी असलेली खोली हाच खात्रीचा उपाय आहे. चिलरची किंमत टाकीपेक्षा जास्त असू शकते, हे टाकी घेण्याआधी माहीत असलेलं बरं.

लाइट गेली तर दिव्याची काळजी करू नये. प्रवाळ एक-दोन दिवस अंधारात सहज काढतं. पाणी थांबलं की ऑक्सिजन संपतो, खरा धोका तो. इन्व्हर्टरवर एकच गोष्ट लावायची असेल तर वेव्हमेकर लावावा. ते नसेल तर बॅटरीवरचा एअर पंप.

घरातल्याच वस्तू, ज्या टाकी मारतात

डास-झुरळांचे स्प्रे आणि पेस्ट कंट्रोल. यांच्यातली पायरेथ्रॉइड गटाची कीटकनाशकं मासे आणि कोळंबीसारख्या जलचरांना अत्यंत विषारी असतात. टाकीच्या खोलीत ती मारूच नयेत. माशाला पांढरे ठिपके आले म्हणून दुकानदार जे निळं औषध देतो, त्यात बरेचदा तांबं असतं. माशावर उपचार वेगळ्या टाकीत करावेत, प्रवाळांच्या टाकीत कधीच नाही. हातावर साबण, सॅनिटायझर, क्रीम असेल तर हात आधी साध्या पाण्याने नीट धुवावेत. आणि टाकीची बादली वेगळी ठेवावी, तिच्यावर मार्करने लिहून. फरशी पुसणाऱ्या ताईंना ती बादली दुसऱ्या बादल्यांसारखीच दिसते.

हे वाचल्याशिवाय झोअँथिडला हात लावू नये

झोअँथिड आणि पॅलिथोआ ही रंगीत बटणांसारखी प्रवाळं नवख्यांना सर्रास सुचवली जातात, कारण ती चिवट असतात. त्यातल्या काहींमध्ये पॅलीटॉक्सिन असतं. निसर्गात सापडणाऱ्या सर्वांत जहाल विषांपैकी हे एक. १९७१ मध्ये हवाईतल्या शास्त्रज्ञांनी ते पहिल्यांदा वेगळं केलं. त्याआधी हवाई बेटांवरच्या लोककथेत हाना गावाजवळच्या एका डबक्यातल्या ‘जीवघेण्या शेवाळा’चा उल्लेख होता, जे भाल्याच्या टोकाला लावत. ते शेवाळ म्हणजे पॅलिथोआ निघालं.

मार्च २०१८ मध्ये इंग्लंडमध्ये ऑक्सफर्डशायरमधल्या एका घरात टाकीतलं प्रवाळ बाहेर काढून साफ करताना घरातली माणसं आजारी पडली. मदतीला गेलेल्या अग्निशमन जवानांनाही रुग्णालयात न्यावं लागलं. विष नुसतं स्पर्शातून नाही, वाफेतून आणि तुषारांतूनही पोहोचतं.

त्यामुळे यांचे दगड कधीही उकळू नयेत, गरम पाण्याने धुऊ नयेत, कोरडे घासू नयेत, मायक्रोवेव्हमध्ये ठेवू नयेत. कापायचं असेल तर हातमोजे आणि डोळ्यांवर चष्मा हवा, हातावर जखम असेल तर ते काम दुसऱ्या दिवशी. लहान मुलं आणि मांजर खोलीबाहेर. तोंडात कडवट धातूसारखी चव, श्वास लागणं, थंडी-ताप, अंगदुखी अशी लक्षणं दिसली तर मोकळ्या हवेत जाऊन लगेच रुग्णालय गाठावं, आणि डॉक्टरांना ‘पॅलीटॉक्सिन’ हा शब्द सांगावा. त्यावर नेमका उतारा नाही, लक्षणांवरच उपचार होतात, आणि प्रवाळाचा उल्लेख केला नाही तर साधा फ्लू समजला जाण्याची शक्यता जास्त.

गावाला जायचं असेल तर?

गणपतीला पाच दिवस कोकणात जायचं आहे आणि टाकी शेजारच्या काकूंवर सोपवायची आहे. निघण्याच्या दोन दिवस आधी पाणी बदलावं, आदल्या दिवशी नाही, म्हणजे काही बिघडलं तर दुरुस्तीला वेळ राहतो. शुद्ध गोड्या पाण्याच्या पाच बाटल्या भरून प्रत्येकीवर वार लिहावा, आणि काचेवरची पातळीची खूण काकूंना दाखवून ठेवावी. प्रवाळांना या दिवसांत खायला काहीही लागत नाही. मासा असेल तर दोन चिमट्या खाद्य कागदाच्या दोन पुड्यांत बांधून द्यावं आणि डबा कपाटात ठेवून कपाटाला कुलूप लावावं. काकू प्रेमळ असतात, आणि मासा काचेपाशी येऊन तोंड उघडतोच.